फटफटी रस्त्यावर यायला दोन हिवाळे

आधीच सांगून टाकतो, जुनी गाडी चालू होणं आणि जुनी गाडी रस्त्यावर येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी चालू झाली आठ महिन्यांत. रस्त्यावर यायला त्यानंतर अजून अकरा महिने गेले, आणि लोक व्हिडिओ टाकतात ते फक्त पहिल्या आठ महिन्यांचे, धूर निघाला की टाळ्या. पुढचं कोणी दाखवत नाही.

गाडी आहे बीएसए एम२०, १९४२ची. आपल्याकडे बीएसए म्हणलं की सायकलच आठवते, मलाही तीच आठवायची, पण बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळात बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून तर त्यांचा शिक्का म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. मी राहतो इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या सोलिहलला, आणि ही गाडी जिथे बनली तो स्मॉल हीथचा कारखाना इथून अर्ध्या तासावर होता. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी ह्यांनी सव्वा लाखाच्या आसपास एम२० काढल्या. ४९६ सीसी, एकच सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, आणि ताकद १३ हॉर्सपॉवर. हो, तेराच. आजची दीडशे सीसीची बाईक हिला चढावर मागे टाकून निघून जाईल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या गावातल्या एका आजींकडून घेतली. नवऱ्याच्या माघारी गॅरेज रिकामं करत होत्या. गाडीवर गालिच्याचा तुकडा, त्यावर रंगाचे डबे, त्यावर ख्रिसमसचं झाड. अडीच हजार पौंड. बायको म्हणाली, "एवढ्या पैशात सांगलीला जाऊन आलो असतो चौघं." खरं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

इंजिन जाम. किक पायाखाली दगडासारखी. आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. आप्पा म्हणजे वडील, आयुष्यभर फिटर, आता रिटायर होऊन पलूसला असतात. त्यांनी गाडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "प्लग काढ, आत डिझेल सोड आन् इसर. रोज जाऊन किक मारत बसू नको, कनेक्टिंग रॉड वाकवशील." मी तीन आठवडे डिझेल सोडत राहिलो, गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढेमागे, पुढेमागे, जोर न लावता. एका संध्याकाळी चाक बोटभर जास्त फिरलं. एवढंच. आवाज नाही, काही नाही. पण शेडमध्ये दोन डिग्रीत उभा राहून मी एकटाच हसत होतो.

साइड व्हॉल्व्हचं एक बरं असतं, दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कडेला उभे असतात त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. बोल्ट काढायचे आणि डब्याचं झाकण काढावं तसं उचलायचं. पण बोल्ट काढायचे कशाने? इथे माझे पहिले दोन महिने गेले.

माझ्याकडे होता मेट्रिक पान्यांचा सेट. १३चा पाना नटावर चढेना, १४चा चढला आणि फिरवल्यावर नटाचे कोपरे गुळगुळीत झाले. मग कळलं की ही सगळी व्हिटवर्थ, म्हणजे जुनी ब्रिटिश इंची मापं. पाना घेतला तर त्यावर लिहिलंय १/४, आणि तोंड मोजलं तर पाव इंच तर सोडाच, अर्ध्या इंचापेक्षा जास्त, १३.३ मिलीमीटर. मला वाटलं विकणाऱ्याने फसवलं. आप्पांना दाखवलं तर ते इतके हसले की फोन हातातून पडला बहुतेक, दोन मिनिटं मला फक्त छत दिसत होतं. "आरं येड्या, ते माप नटाचं न्हवं, बोल्टाचं. पाव इंची बोल्टाचा पाना. दोन सुताचा बोल्ट, दोन सुताचा पाना. आम्ही ह्याच्यावरच शिकलो की सगळे."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, गावाकडे सुतार, गवंडी, फिटर सगळे वापरतात. लहानपणी ऐकलेला शब्द, इंजिनिअरिंगला गेल्यावर गावठी म्हणून सोडून दिला होता. आता सोलिहलच्या शेडमध्ये बसून पाव इंच म्हणजे दोन सूत, ५/१६ म्हणजे अडीच सूत, ३/८ म्हणजे तीन सूत असं पाठ करत होतो. मात्र आप्पांचं गणित पुरेपूर लागू पडत नाही हेही सांगतो. बारीक आट्याच्या म्हणजे बीएसएफच्या बोल्टाला एक पायरी खालचा पाना लागतो, आणि शिवाय ह्या गाडीवर सायकलचे आटे वेगळेच, इंचाला २६. दिसायला सगळे सारखे. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे गोडीगुलाबीने जातो आणि मग अडतो, आणि तुम्ही जोर लावला की संपलं. मी एक भोक असं खराब केलं. त्यानंतर प्रत्येक बोल्ट काढला की पिठाच्या छोट्या पिशवीत टाकून त्यावर मार्करने कुठला ते मराठीत लिहायचो. "डावा, खालचा, हट्टी" अशी एक पिशवी होती.

हेड निघालं. आत कार्बनचा बोटाच्या पेराएवढा नाही पण चांगला जाड थर, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह गंजून अर्धवट उघडा अडकलेला. सिलिंडर होन करून (आतून बारीक घासून) घेतला, रिंगा नवीन, व्हॉल्व्ह नवीन, सीट घासून घेतली. हे लिहायला एक ओळ लागली, करायला फेब्रुवारी आणि मार्च.

टायमिंगचं, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी त्याचं, मात्र सांगितलंच पाहिजे. मॅन्युअलमध्ये लिहिलंय की ठिणगी पूर्ण ॲडव्हान्सला (खटका सगळ्यात लवकरच्या ठिणगीवर ठेवून) पिस्टन टोकापासून ७/१६ इंच खाली असताना पडली पाहिजे. मी कॅल्क्युलेटर काढून मिलीमीटर करायला लागलो, ११.११ वगैरे, तेवढ्यात फोनवरून आप्पा म्हणाले, "साडेतीन सूत." हेड काढलेलंच होतं, डेप्थ गेज लावला, पिस्टन साडेतीन सूत खाली आणला, पॉइंटमध्ये (ते उघडले की ठिणगी पडते) सिगारेटचा पातळ कागद धरला (मी ओढत नाही, कागद मुद्दाम विकत आणावे लागले, आणि बायकोला हे पटवून द्यायला टायमिंगपेक्षा जास्त वेळ गेला) आणि मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्राचं, चाक हळूहळू फिरवत राहिलो. कागद ज्या क्षणी सुटतो तिथे पॉइंट उघडतात. तिथेच गिअर घट्ट करायचा. घट्ट करताना तो केसभर हलतोच. सात वेळा केलं.

टाकी आतून गंजलेली. आधी मूठभर नट आत टाकून टाकी हलवली, अर्धा तास, खांदे गेले. मग वॉशिंग सोड्याच्या पाण्यात इलेक्ट्रॉलिसिस, म्हणजे टाकीत सोड्याचं पाणी भरायचं, मध्ये लोखंडी सळई लटकवायची, ती टाकीला कुठेही टेकता कामा नये, बॅटरी चार्जरचा प्लस सळईला आणि मायनस टाकीला. उलटं लावलं तर गंज निघायच्या ऐवजी टाकीच खाल्ली जाते, तेव्हा दोनदा बघा. आणि स्टेनलेसची सळई अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. हे उघड्यावर करायचं, कारण हायड्रोजन निघतो. दोन दिवसांनी सळईवर चिखलासारखा लाल थर होता आणि टाकीच्या आत राखाडी स्वच्छ पत्रा.

पेट्रोलचंही एक आहे. सप्टेंबर २०२१ पासून इथे साधं पेट्रोल म्हणजे ई१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते पाणी ओढून घेतं आणि जुने रबर, सील खातं. म्हणून मी महागडं ई५ च टाकतो. आपल्याकडे तर आता ई२० आलंय, भारतात जुनी गाडी ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

जुलै २०२३. चालू करायचा दिवस. हिला बटण नाही, चावीसुद्धा नाही. हँडलवर मात्र चार-पाच खटके. पेट्रोलचा नळ उघडायचा. अमाल कार्ब्युरेटरवर एक छोटी पिन असते, टिकलर, ती पेट्रोल ठिबकेपर्यंत दाबायची, बोट ओलं होतं. चोक. मग डाव्या हाताचा खटका मागे घेऊन ठिणगी उशिरावर. मग व्हॉल्व्ह लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलून आतला दाब सोडणारा खटका) दाबून किक हळू खाली आणायची, पिस्टन टोकाच्या जरा पुढे गेला असं पायाला जाणवलं की लिफ्टर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग एकच, संपूर्ण, मनापासून लाथ.

मी ठिणगीचा खटका विसरलो. किक उलटी आली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कळ गेली, मी गवतावर बसलो, आणि वरच्या खिडकीतून मुलगी ओरडली, "बाबा, झाली का चालू?" चौथ्या प्रयत्नाला झाली. आवाज म्हणजे काय सांगू, ढग... ढग... ढग..., मध्ये इतकी फट की वाटतं बंद पडली, आणि मग पुढचा येतो. गावाकडे ह्या गाड्यांना फटफटी का म्हणायचे ते त्या दिवशी कळलं.

व्हिडिओ इथे संपतात.

वीस मिनिटं स्टँडवर चालवली की गाडी बंद. तासाभराने गार झाली की पुन्हा पहिल्या किकला चालू. मी कार्ब्युरेटर तीनदा खोलला, पेट्रोलच्या नळात कचरा शोधला, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक साफ केलं. शेवटी शेजारचे म्हातारबुवा, जे रोज कुंपणावरून बघायचे पण आगाऊपणा करायचे नाहीत, ते म्हणाले, गरम असतानाच प्लग काढून ठिणगी बघ. बघितली. गार असताना निळी कडक, गरम झाल्यावर पिवळी मरतुकडी. मॅग्नेटोच्या आर्मेचरच्या पोटात जो कंडेन्सर असतो तो ऐंशी वर्षांनी गरम झाला की हात टेकतो. तो बदलायचा म्हणजे आर्मेचर उघडायचं, आणि उघडलंच तर वाइंडिंगही नवीन करून घेतलेलं बरं. हे काम करणारे लोक मोजके आणि त्यांच्याकडे रांग. चार महिने. माझं म्हणणं ऐकणार असाल तर जुनी ब्रिटिश गाडी घेतल्यादिवशीच मॅग्नेटो काढून पाठवून द्या, चालतोय का बघू म्हणून थांबू नका.

मधल्या काळात ऑगस्टमध्ये एक प्रकार झाला. आम्ही तीन आठवडे सांगलीला जाऊन आलो, तेव्हा मॅग्नेटो अजून पाठवलेला नव्हता, आल्यावर बँक हॉलिडेच्या सोमवारी म्हणलं जरा चालू करून बघू. ह्या इंजिनात तेल खाली नसतं, वेगळ्या टाकीत असतं आणि पंप ते फिरवतो. गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत झिरपत सगळं क्रँककेसमध्ये उतरतं. मला हे वाचून माहीत होतं, फक्त आठवलं नाही. किक मारली आणि सायलेन्सरमधून असा पांढरा-निळा धूर निघाला की शेजाऱ्यांचा बार्बेक्यू दिसेनासा झाला. पाहुणे आत पळाले. मी दुसऱ्या दिवशी केक घेऊन गेलो. काही लोक ह्यावर उपाय म्हणून तेलाच्या नळीत नळ बसवतात, मी बसवला नाही आणि बसवणारही नाही, कारण एकदा तो नळ उघडायला विसरलात तर केकवर भागत नाही, इंजिन जातं. मी चालू करायच्या आधी खालचा प्लग काढून तेल परत टाकीत ओततो. दहा मिनिटं लागतात.

आता लायसन्स. माझ्याकडे सांगलीचं लायसन्स होतं, पण इथे राहायला आल्यावर ते बारा महिनेच चालतं, नंतर सगळं पहिल्यापासून. १३ हॉर्सपॉवर असली तरी ४९६ सीसी, म्हणजे १२५च्या लायसन्सवर चालत नाही. त्यामुळे आधी सीबीटी म्हणजे सुरुवातीचं सक्तीचं प्रशिक्षण, मग थिअरी, मग प्रत्यक्ष परीक्षेचे दोन भाग, मॉड्यूल एक आणि मॉड्यूल दोन. मॉड्यूल एकमध्ये कोन लावलेल्या मैदानात ताशी ५० किलोमीटरला गाडी नेऊन एकदम वळवून दाखवायची असते. चाळिशीत, एकवीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत, लाल जॅकेट घालून.

मी पहिल्यांदा नापास झालो आणि त्याला कारण काकांची बुलेट. मी गाडी शिकलो ती काकांच्या जुन्या बुलेटवर, जिचा गिअर उजव्या पायात, पहिला वर आणि बाकीचे खाली, ब्रेक डाव्या पायात. आणि नंतरही गावात तीच चालवली. इथल्या परीक्षेच्या गाडीला आजच्या सगळ्या गाड्यांसारखा गिअर डावीकडे. इमर्जन्सी स्टॉप म्हणाले आणि माझा डावा पाय ब्रेक समजून गिअरवर. दुसऱ्यांदा पास झालो. पण गंमत अशी की एम२०चा गिअर उजवीकडे आहे, पहिला वर, बाकी खाली. म्हणजे हजारभर पौंड आणि दोन महिने घालवून मी डावा पाय शिकवला आणि मग उजव्या पायाच्या गाडीवर बसलो. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग आधीच मला विचारायचं न्हाई का."

ब्रेकबद्दल थोडक्यात. दोन्हीकडे ड्रम, आणि जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रम उघडून फुंकर मारू नका, हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. नवीन लायनिंग लावूनसुद्धा हिचा ब्रेक म्हणजे विनंतीअर्ज आहे. मागे सस्पेन्शन नाहीच, सीटखाली दोन स्प्रिंगा तेवढ्या.

कागदपत्रांनी मला सगळ्यात जास्त घाबरवलं होतं आणि तीच सगळ्यात इंटरेस्टिंग निघाली. गाडी कधीच कॉम्प्युटरवर चढलेली नव्हती. इथे नोंदी कॉम्प्युटरवर न्यायची शेवटची मुदत नोव्हेंबर १९८३ होती, ज्यांच्या गाड्या तेव्हा गालिच्याखाली होत्या त्यांचे नंबर राहून गेले. पण आजींनी एका बिस्किटाच्या डब्यात जुनं पुठ्ठ्याचं लॉगबुक दिलं होतं. घडी उघडली की प्रत्येक मालकाचं नाव शाईने आणि वर्षावर्षाच्या टॅक्सचे शिक्के. पहिली नोंद १९४७. म्हणजे गाडी १९४२ची पण नंबर १९४७चा, कारण युद्ध संपल्यावर सैन्याने विकून टाकल्यावरच तिला पहिल्यांदा नागरी नंबर मिळाला.

तो नंबर परत मिळवायला व्ही७६५ नावाचा फॉर्म असतो. लॉगबुक, फ्रेम नंबर आणि इंजिन नंबरचे पेन्सिलने घासून काढलेले ठसे, फोटो, हे सगळं घेऊन मान्यता असलेल्या क्लबाकडून सही-शिक्का आणायचा आणि मग अर्ज पाठवायचा. फ्रेमवर सुरुवातीला डब्ल्यूएम२० असं दिसलं पाहिजे, युद्धाच्या गाडीची ती खूण. माझ्या फ्रेमवर रंगाचे एवढे थर की अक्षरं दिसेनात. रंग काढायचं द्रव्य लावून, जुन्या टूथब्रशने घासत बसलो. आधी काळा निघाला, मग लाल, मग परत काळा, आणि सगळ्यात खाली मळकट खाकी, आणि त्या खाकीत डब्ल्यू. १९४०च्या नोव्हेंबरात ह्याच कारखान्यावर बॉम्ब पडून रात्रपाळीचे ५३ कामगार गेले होते. त्यानंतर दोन वर्षांनी तिथेच कोणीतरी हातोडी-पंचने हा डब्ल्यू ठोकला. जरासा तिरका आहे. तेवढा भाग मी परत रंगवला नाही, नुसतं मेण लावून ठेवलंय.

नंबर मिळाला. असा परत मिळवलेला नंबर दुसऱ्या गाडीला लावून विकता येत नाही, ते बरंच आहे. गाडी चाळीस वर्षांवरची म्हणून रोड टॅक्स शून्य, पण शून्याचा टॅक्ससुद्धा रीतसर भरावा लागतो, फॉर्म भरून शून्य. एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचीही माफी आहे. मी तरी करून घेतली, २९ पौंड ६५ पेन्स, आणि बरं झालं केली कारण तपासणाऱ्याने पुढच्या गर्डर फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या सांगाड्याच्या) खालच्या बुशमध्ये ढिलेपणा आहे हे हाताने हलवून दाखवलं. मी त्याच गाडीपुढे दीड वर्ष बसलो होतो आणि मला दिसलं नव्हतं. आपण स्वतः जोडलेलं आपल्याला ढिलं वाटतच नाही. त्यामुळे माफी असली तरी एकदा तिऱ्हाइताचा हात लागू द्या.

जून २०२४ च्या एका रविवारी सकाळी सहाला निघालो, ट्रॅफिक नको म्हणून. काळ्या पाटीवर चंदेरी नंबर. इंडिकेटर नाहीत, हात काढून दाखवायचं, ब्रेक लाइट मात्र मी स्विच लावून बसवून घेतलाय. ताशी ४० मैलांवर ती खूश असते, ४५ ला गुडघे थरथरतात, पुढे मी नेत नाही. स्मॉल हीथला आर्मरी रोडपर्यंत गेलो. मुख्य कारखाना कधीच पाडलाय, कंपनी १९७३ मध्येच दुसरीकडे विलीन झाली, रस्त्याला नाव तेवढं राहिलंय. बंद शटरपुढे गाडी लावून फोटो काढला, तेवढ्यात समोरच्या बेकरीतून एक मिरपूरचे चाचा बाहेर आले आणि गाडीभोवती एक फेरी मारून हिंदीत म्हणाले, "किक वापस मारती है ये?" मी पँट वर करून घोटा दाखवला. त्यांनी चहा पाजला.

तिथूनच आप्पांना फोन लावला, सायलेन्सरजवळ धरला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पूर्ण एक मिनिट. मग म्हणाले, "एक्झॉस्टचा टॅपेट वाजतोय. गॅप वाढलीय. घरी जाऊन आधी बघ." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला खालून ढकलणारा दांडा, त्या दोघांत केसभर फट लागते. मी घरी येऊन गार होऊ दिली, फीलर गेज लावला, दोन्ही गॅप अगदी बरोबर. परत चालू केली, आवाज होताच. मग टूलबॉक्सच्या झाकणावर हात ठेवला आणि आवाज थांबला. आत एक पाना सुटा पडला होता, दोन सुताचा.

आप्पांना सांगितलंय की टॅपेटच होता.